परीक्षेच्या दिवशी गच्चीत पाणी

मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत. घरचे "या, बसा" म्हणतायत आणि हे आपले मान वर करून उभे. मेहुणी एकदा म्हणालीच, "भाऊजी, आम्हाला भेटायला आलात की पालीला?" मिस्त्री हसले, पण कोपऱ्यातला ओलीचा डाग तिला दाखवल्याशिवाय त्यांनी चहाला हात लावला नाही. छत्तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, डोळे तिकडेच जायचे.

त्यांनी बांधलं ते बहुतेक सरकारीच. पोस्टाची कचेरी, दोन दवाखाने, आणि आता हे बाळंतिणींचं तिमजली रुग्णालय. कामावरची इंजिनिअर त्यांच्या लेकीच्या वयाची. ती त्यांना काका म्हणे, ते तिला बाईसाहेब म्हणत, आणि भांडायची वेळ आली की दोघंही तोडीस तोड.

तर या रुग्णालयाचं नाव उत्तम सरकारी इमारतीच्या बक्षिसासाठी गेलं. बाईसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "परवा तीन परीक्षक येतायत. बक्षीस मिळालं तर पुढचं, नव्या शाळेचं काम आपल्याच टोळीला. नाही मिळालं, तर ज्याने त्याने आपली वाट धरायची."

मिस्त्रींनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. टोळीतली बारा माणसं त्यांनी एकेक करून जमवलेली. सुतार तोंडाने फटकळ, रंगारी आळशी, पण आता ती पांगायची म्हणजे घरातली भांडी वाटून टाकल्यासारखं.

"परीक्षा बाईसाहेबांची, घाम तुम्हाला का फुटलाय?" रात्री घरी बायकोने विचारलं.

"गच्ची माझी आहे ना!"

मिस्त्रींना परीक्षा माहीत होती ती एकच. पावसाचं पाणी जायच्या पाइपांच्या तोंडात बोळे कोंबायचे, गच्चीवर घोटाभर पाणी भरायचं, आणि दुसऱ्या दिवशी खालचं छत कोरडं आहे का बघायचं. तशी ती मागेच एकदा झाली होती. पण परीक्षक येणार म्हणजे त्यांना पुन्हा दाखवायला नको? म्हणून आदल्या दिवशी चार वाजता त्यांनी कुणाला न विचारता गच्ची भरून टाकली आणि समाधानाने घरी जाऊन झोपले.

सकाळी बाईसाहेब वर गेल्या. मागून खुर्च्या आणि सतरंजी घेतलेली दोन माणसं. चहापान गच्चीवर ठरलं होतं.

"काका! हे काय करून ठेवलंत?"

"पाणी भरलंय. परीक्षक येणार ना?"

"अहो, ते इमारत बघायला येतायत, पोहायला नाही! काढा ते बोळे."

"काढतो. पण पाणी सगळं खाली तुमच्या नव्या बागेत जाणार. पाहुण्यांची गाडी तिथंच उभी राहायची."

बाईसाहेबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजलाच.

तीन परीक्षकांमधल्या दोघांना फरशी आवडली, खिडक्या आवडल्या. तिसऱ्या होत्या एक म्हाताऱ्या बाई, निवृत्त इंजिनिअर. त्यांना काहीच आवडल्यासारखं दिसेना. "गच्ची?" त्यांनी विचारलं.

"चहा खाली मांडलाय," बाईसाहेब घाईघाईने म्हणाल्या.

"मी चहा नाही विचारला."

जिन्याच्या तोंडाशी म्हाताऱ्या बाई थांबल्या. समोर सगळं आभाळ पाण्यात पडलेलं. "कधी भरलं?"

"काल चार वाजता," मिस्त्री पुढे झाले. "चूक माझी आहे, बाई. बाईसाहेबांना ठाऊक नव्हतं."

 म्हाताऱ्या बाई तशाच वळून खालच्या मजल्यावर गेल्या, एकेका खोलीचं छत बॅटरी मारून बघू लागल्या. पहिली खोली कोरडी. दुसरी कोरडी. तिसऱ्या खोलीत, पाळण्यांच्या बरोबर वर, ताटाएवढा गडद डाग.

मिस्त्री डागाखाली जाऊन मान वर करून उभे राहिले. छत्तीस वर्षं, आणि गळायचं ते आजच? बाईसाहेब भिंतीला टेकल्या. मागे सुतार पुटपुटला, "चला, वाट धरा."

म्हाताऱ्या बाईंनी स्टूल मागवलं, कुणाचं न ऐकता त्यावर चढल्या आणि डागावर बोट टेकवलं. बोट पांढरं झालं.

"पाणी असतं तर बोट नुसतं ओलं झालं असतं," त्या म्हणाल्या. "हा तर ओला रंग आहे, वाळेपर्यंत गडदच दिसतो. कुणी लावला?"

सगळे रंगाऱ्याकडे वळले. तो चुळबुळला. "आज सकाळी... जरा माशीचा डाग होता. म्हटलं, पाहुणे येतायत."

"एरवी सांगून सांगून थकलो तरी ब्रश हातात घेत नाहीस," मिस्त्री ओरडले, "आणि आजच तुला कामाची हौस आली?"

म्हाताऱ्या बाई स्टुलावरच खुदकन हसल्या. मग खाली उतरून त्यांनी उरलेली सगळी छतं बघितली. पुसट ओलसुद्धा कुठे सापडली नाही.

महिन्याने पत्र आलं. पहिलं बक्षीस! बाईसाहेबांनी ते टोळीपुढे मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या ओळीशी येऊन हसू लागल्या. पुढच्या वर्षापासून बक्षिसासाठी नाव देणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर आदल्या दिवशी पाणी भरून ठेवायचं, असा नियमच समितीने केला होता.

"काका, ओळखीच्या चार इंजिनिअरांचे चिडून फोन आले. विचारतायत, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली?"

"सांगितलंत?"

"छे हो. शाळा बांधायचीय अजून. तुम्ही धडधाकट हवे आहात मला."