नलिनीकाकूचा गोळ्यांचा डबा

आमची निधी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिंडोशीत आमच्या चाळीत एवढं शिकलेली पहिलीच. मी दहावीत दोनदा आपटलो, रिक्षा चालवतो, पण तिचा दादा आहे, हे काय कमी आहे?

शिमग्याच्या आधीची गोष्ट. शेजारच्या नलिनीकाकूला ताप आला, घसा असा धरला की थुंकी गिळवेना. दुसऱ्या दिवशी तिची गावची गाडी होती, घरी देवीची पालखी येणार. तिने सांगितल्या म्हणून मी मेडिकलमधून घशाच्या गोळ्या आणल्या. निधीने त्या हातातून काढून घेतल्या.

"काकू, कुठलं औषध चालू आहे?"

"काही नाही गं."

"डबा दाखव."

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात थायरॉईडची गोळी निघाली. थायरॉईड वाढलं म्हणून दीड महिन्यापूर्वी सुरू केलेली.

"ती रोजचीच. ती काय औषधात धरायची?" काकू म्हणाली.

निधीचा चेहरा उतरला. "आजची गोळी घेऊ नकोस. आधी रक्त तपासू, आत्ताच."

"आणि पालखी? ती दारात येणार नि मी नको?"

"रिपोर्ट चांगला आला तर दादा तुला गाडीत बसवून येईल."

शिवदासकाका, म्हणजे काकूचा नवरा, करवादला, "अजून पास नाय झाली, नि डॉक्टर झाली!"

"नापास कधी झाली ते सांग ना," मी म्हटलं आणि रिक्षा काढली.

वाटेत निधीने समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. मोठ्या माणसात साधारण चार ते अकरा हजार असतात. या गोळीने क्वचित कुणाच्या एकदम खाली येतात. मग घसा, ताप, आणि साधं दुखणंही जिवावर बेततं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. नऊशे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ती गोळी बंदच केली, काकूला वेगळ्या खोलीत ठेवून सलाईनमधून औषध सुरू केलं. "टेस्ट कोणी करायला सांगितली?" त्यांनी विचारलं. निधीने तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "माझ्या बहिणीने!"

"एक दिवस प्रवासात गेला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. काका उठला नि निधीसाठी चहा घेऊन आला.

काकू दहा दिवसांनी घरी आली. पालखी चुकली, त्याची रुखरुख तिला अजून आहे. पण आता साधी शिंक आली तरी डबा घेऊन आमच्या दारात.

"निधी, बघ गं, यातलं औषध कुठलं कुठलं?"

"सगळंच, काकू."