शास्त्रज्ञ, साहेब आणि आमची बैठक

दर बैठकीनंतर ठरवतो, आजचं कुणाला सांगायचं नाही. घरी पोचेपर्यंत दोघांना सांगून झालेलं असतं! नाशिकमध्ये आमची छोटीशी संस्था आहे. काम एकच: शास्त्रज्ञ आणि धोरणं ठरवणारी मंडळी यांना एका टेबलाशी बसवायचं. संस्था काढली भामरे सरांनी. फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक, मूळ नामपूरचे. फार लाज वाटली की सर थेट अहिराणीवर येतात.

पहिली बैठक भूजलावर. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, प्रास्ताविक, मग पाहुण्यांची भाषणं. पुण्याहून आलेल्या भूजलतज्ज्ञ मॅडमचा नंबर लागला तेव्हा मी हळूच सांगितलं, "दोन मिनिटं." त्या माइकपाशी गेल्या. "पाणी खाली गेलंय," म्हणाल्या आणि येऊन बसल्या. टाळ्या पडल्या! भामरे सर माझ्या कानाशी पुटपुटले, "हाई काय शे!"

मग हवामान. एक आमदार खरंच वेळ काढून आले. "पाऊस पडेल की नाही, एवढंच सांगा."

"शक्यता सत्तर टक्के," शास्त्रज्ञ म्हणाले.

"आणि उरलेल्या तीस टक्क्यांना काय सांगू? तेही माझेच मतदार!"

शास्त्रज्ञ हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्या स्लाइडपासून सुरुवात केली.

कचऱ्याच्या बैठकीला मात्र एक अधिकारी असे भेटले, की शेवटपर्यंत थांबले, भांडले, पटवून घेतलं. पुढच्या बैठकीआधी त्यांची बदली. नवे आले, "पहिल्यापासून सांगा." त्यांचीही बदली. तिसऱ्यांना पहिल्यापासून सांगून झाल्यावर आमचे शास्त्रज्ञ म्हणाले, "आता मीच बदली मागतो!"

पोषणावर तासभर इंग्रजीत भाषण झालं. "एनी क्वेश्चन्स?" सुरगाण्याकडच्या जिल्हा परिषद सदस्या उठल्या. "सर, आमची नागली, म्हणजे तुमची नाचणी, चांगली का वाईट?"

"इट डिपेंड्स."

त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हणले?"

"चांगली," मी म्हणालो. शास्त्रज्ञांनी मान डोलावली. त्यांनाही जेवणाची घाई होती.

मग भामरे सर म्हणाले, आपणच लोकांकडे जाऊ. निफाडकडच्या एका उसाच्या गावात बैठक ठेवली. विषय बिबट्या. महिन्याभरापूर्वीच तिथल्या एका मुलीवर हल्ला झाला होता. मुलगी वाचली, पण शाळा सुटली. सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीत सतरंज्या घातल्या, सगळ्यांना पाणी दिलं आणि कोपऱ्यात बसल्या.

सरकारला पाठवायच्या निवेदनाच्या मसुद्यात पहिल्याच ओळीत "मानव-बिबट्या संघर्ष" होतं. शास्त्रज्ञ म्हणाले, "यात प्राणी गुन्हेगार ठरतो. 'सहजीवन' म्हणा."

वनखात्याचे अधिकारी म्हणाले, "सहजीवन लिहिलं तर लोक मोर्चा आणतील!"

कुणी "सहअस्तित्व" सुचवलं. त्यावरही दोन मतं पडली. दुपार कलली. भामरे सर मान खाली घालून बसलेले. आता तर अहिराणीही नाही.

सरपंचबाई उठल्या. कोपऱ्यातली काठी घेतली, बॅटरी घेतली.

"बाई, निघालात?" मी विचारलं.

"शाळा सुटली. पोरी उसाकडच्या वाटंनं येत्यात, त्यांना आणाया जायचंय. तुमचं चालू द्या. शब्द ठरला की फोन करा."