पनीरमधल्या सुया

आई गेल्यावर बाबांनी हाउन्सलोचं घर सोडून आमच्याकडे ब्रॅकनेलला यायचं, असं बाबा सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं. घर भाड्याचं. नोटीस देऊन झाली, सामान बांधून झालं, आणि बाबा आईच्या शिलाई मशीनवर हात ठेवून बसून राहिले. "हे येणार असेल तर मी येतो," म्हणाले.

मशीनची मोटर जळालेली होती, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले होते. लोखंडी टेबलासकट ते आमच्या छोट्या खोलीत ठेवलं असतं, तर बाबांचा पलंग जिन्यात ठेवावा लागला असता. या मशीनवर आईनं एअरपोर्टवर काम करणाऱ्या कितीतरी लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या, हे मला ठाऊक होतं. पण जागा नाही म्हणजे नाही, असं मी चांगलाच आवाज चढवून सांगितलं. बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

माझी लेक सोळा वर्षांची, इथे परदेशातच जन्मलेली, आणि जपानी सिनेमाची वेडी. त्या रविवारी आमची अशी जुंपलेली असताना तिनं आजोबांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला.

"आजोबा, माझी फेव्हरेट पिक्चर आहे. थोडी स्लो आहे, बट ट्राय करा ना."

थोडी कसली, चांगलीच स्लो होती. एका गावातली म्हातारी शिंपीण कपडे शिवते, चहा पिते, खिडकीतून बाहेर बघते. मग वर्षातला एक ठरलेला दिवस येतो. त्या दिवशी ती वर्षभरातल्या मोडक्या सुया टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, मऊ वडीत एकेक करून खोचते आणि त्यांच्यासमोर वाकते. मला आधी हसूच आलं. लेकीनं सिनेमा थांबवून समजावलं. जपानचा शिंतो धर्म मानणाऱ्यांच्या लेखी झाडात, डोंगरात, ओढ्यात 'कामी' असतो, म्हणजे आपल्या भाषेत देवासारखं काहीतरी. आणि रोज हाताखाली राबणाऱ्या वस्तूतही जीव असतो, असं जुने लोक धरून चालतात. जन्मभर जाड कापडात घुसलेल्या सुईला शेवटी तरी मऊ काही मिळावं, म्हणून टोफू. माझं हसू तिथल्या तिथे विरलं. एवढ्याशा सुईचा इतका विचार करणारी माणसं मला फार मोठी वाटली.

धास्ती होती ती बाबांची. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. शेंदूर फासलेल्या दगडापुढे मान वाकवायची नाही, हे बाबांनी जन्मभर पाळलं आणि इथल्या प्रत्येक जयंतीच्या सभेत तावातावाने सांगितलं. ते आता लॅपटॉप बंद करणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"हे पुन्हा देवच की," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा पडला. बाबा भांडखोर आहेत, पण अप्रामाणिक नाहीत. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "त्या बाईनं मागितलं मात्र काहीच नाही. नवस नाही, दक्षिणा नाही. नुसते आभार मानले."

मग ते उठले आणि मशीनच्या खणातून खोकल्याच्या गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून आणला. मोडकी सुई आईनं कधी बिनमध्ये टाकली नाही. कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागेल म्हणायची. डबा जवळजवळ भरला होता.

"टोफू आण," बाबा मला म्हणाले.

कोपऱ्यावरच्या दुकानात टोफू संपला होता. पनीर मात्र हवं तेवढं होतं, ते घेऊन आले. लेक हिरमुसली. "मम्मी, दॅट्स नॉट द सेम."

"पनीरच बरं," बाबा म्हणाले. "तुझ्या आजीनं टोफू एकदाच तोंडात घातला होता. लगेच बाहेर काढला."

लेक एकेक सुई देत गेली आणि बाबा ती पनीरमध्ये खोचत गेले. मला मात्र एकही लावू दिली नाही. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत की मान झुकवली नाही. मशीनवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "फार राबलीस. आता बस जरा."

आईला ते असं काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. ती पँटी दुमडत बसलेली असायची आणि सभेला निघताना बाबा दारातून सांगायचे, "जेवण झाकून ठेव." हे दोन शब्द तिच्या कानावर पडायला हवे होते, असं वाटलं आणि मला रडू फुटलं. बाबांचा हात मशीनवरून निघेना. शेवटी लेकीनं तो आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मशीन कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे जुनं सामान टाकायच्या जागी, नेलं. बाबा गाडीत बसून राहतील असं मला वाटलं होतं, पण ते उतरले आणि भंगाराच्या कंटेनरपर्यंत मशीनच्या बाजूने चालत गेले. तिथल्या माणसाने ते उचललं, तसा बाबांनी त्याच्या दंडाला हात लावला.

"जेंटली, प्लीज."

त्याने एकवार बाबांकडे पाहिलं, आणि खरंच हळू ठेवलं.