मनगट उचला, आत्या

वासू गेल्याचं सांगायला त्याचा कंपाउंडर आला, तेव्हा माझी आत्या ओसरीवर वासूचीच वाट बघत बसली होती. रविवार होता. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत माणूस संपला... महिना उलटला, तरी मला एका जागी बसवत नाही. भांडावं तर कुणाशी, तेही कळत नाही.

तो स्वतः तरी कुठं एका जागी बसणारा होता! शाळेत माझ्या शेजारचा त्याचा बाक कायम रिकामा. डॉक्टर झाला तरी सोलापुरात तो दवाखान्यात कमी आणि सायकलवर जास्त सापडायचा. अशा माणसाच्या वाट्याला आत्याचा हात यावा. साठी उलटलेली आत्या चैत्रात न्हाणीघरात घसरली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. वासूनं हाड बसवलं, ते जुळलंही, पण मनगट लोंबतंच राहिलं. हाडाला बिलगून जाणारी नस दुखावली होती. ती सावकाश जागी होते, तोवर मनगट लाकडी फळीवर उचलून बांधायचं, बोटं दुसऱ्या हातानं हलवत राहायची आणि थांबायचं. आत्या सोवळ्यात स्वतः रांधलेलंच खाणारी. तिनं एकच विचारलं, भाकरी थापता येईल का रे? वासू म्हणाला, ठाऊक नाही. खोटा धीर द्यायला याचं काय जात होतं, असा मला तेव्हा संताप आला.

आषाढ आला तरी मनगट ढिम्म. पुण्याला नेऊन दंड उघडावा का, या वयात ते सोसेल का, या विचारात वासू आमच्या अंगणात येरझाऱ्या घालायचा. एका सकाळी अवचित आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकला. आत्या चुलीपाशी, फळी खुंटीवर.

"आत्या, फळी का काढलीत?"

"चामड्याचे पट्टे आहेत की तिला. सोवळ्यात कसे चालतील?"

रोज पहाटेपासून जेवण होईपर्यंत फळी खुंटीवरच असे. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. सोवळ्याची टिंगल करणारा वासू आता व्याख्यान झोडणार, असं मला वाटलं. तो आल्या पावली परत गेला. दुपारी मंगळवेढ्याकडच्या धनगराची घोंगडी घेऊन आला आणि तिचेच पट्टे कापून फळीला लावले. लोकर सोवळ्याला चालते. "आता काढलीत तर सोवळं मोडलं म्हणेन," एवढंच बोलला.

मग दर रविवारी फळी सोडायची, हात गुडघ्यावर ठेवायचा आणि वासूनं म्हणायचं, "मनगट उचला, आत्या." न उचलणारं मनगट बघायला तो येत राहिला. नवरात्राच्या सुमारास ते बोटभर हललं. वासू तडक उठला आणि निरोपही न घेता सायकलवर बसून गेला. भोगीला त्याच्या पानात आत्यानं थापलेली तिळाची भाकरी पडली, जाड आणि एका अंगानं करपलेली. त्यानं आणखी एक मागून घेतली. अंगठा काही पुरता उठला नव्हता, म्हणून त्याचे रविवार सुरूच राहिले.

परवाच्या रविवारी मी ओसरीवर फेऱ्या मारत होतो. आत्या बाहेर येऊन बसली, हात गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "म्हण की रे."

माझ्या फेऱ्या थांबल्या. तिनं थोडी वाट पाहिली. मग आपणहूनच मनगट उचललं, आणि तसंच धरून ठेवलं.