देवाजीभाऊ आणि दोन स्क्रू

हवा भरायला आलेला माणूस घाईत असो की रागात, देवाजीभाऊ आधी कॉम्प्रेसरच्या टाकीवर पंजा ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. प्रेशरचा काटा समोरच असायचा, पण त्याच्याकडे ढुंकून बघतील तर शपथ! "काटा खोटा बोलते, मास्तर. टाकी नाई बोलत," असं म्हणून मोटरचं बटण हातानंच बंद करायचे. वडशाला स्टेशनरोडवर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत मी, एक शाळामास्तर, भाड्यानं राहायचो.

हिवाळ्यात नाटकं सुरू झाली की हा गृहस्थ दुकानात कमी, मंडपात जास्त. तरुणपणी एकदा त्यांनी शिपायाचं काम केलं होतं. निरोप द्यायचा आणि निघून जायचं, एवढंच. पण टाळी पडली आणि हे स्टेजवरच उभे! राजानं तीनदा "जा" म्हटलं तरी उभे! शेवटी विंगेतून कोणीतरी दंड धरून ओढून नेलं. तेव्हापासून त्यांचं पालुपद एकच: "एन्ट्री कोणालेही जमते जी. एक्झिट जमली पायजे."

त्या वर्षी गडचिरोलीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं, हृदय थकलं आहे, आता दुकान सोडा. दुकान पार्बताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं चालवायचं ठरलं. बाई पंक्चर नवऱ्यापेक्षा सुबक काढायच्या, पण टाकीला भ्यायच्या. जादा हवा सोडणाऱ्या सेफ्टी वॉल्व्हची शिटी एकदा वाजली, तेव्हा हातातला पाना टाकून त्या थेट रेल्वेफाटकापर्यंत पळाल्या होत्या. मोटर आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच केव्हाच जळून गेला होता. बाई गिऱ्हाइकात गुंतल्या, मोटर चालूच राहिली आणि नेमका तो वॉल्व्हही अडकून टाकी फुटली तर? देवाजीभाऊंच्या जिवाला हाच घोर लागला.

त्यांनी नागपूरहून नवा स्विच मागवला. मेन स्विच बंद केला, टाकीतली हवा सोडली, हवा गळू नये म्हणून आट्यांना धागा-सफेदा लावून स्विच घट्ट बसवला. इथपर्यंत सगळं झकास. मग झाकण उघडलं, तर आत दोन स्प्रिंगा आणि दोन स्क्रू. सोबतचा कागद इंग्रजीत. तो मी वाचला.

"मोठा आवळला की मोटर उशिरा बंद होते, पण सुरू लवकर होते. लहान आवळला की बंद आणि सुरू होण्यातलं अंतर वाढतं."

"म्हंजे बंदचा कोणता?"

"मोठा. म्हणजे... दोन्ही."

"आन् सुरूचा?"

"तेही दोन्हीच, भाऊ!" मी कागद उलटा करून पाहिला. मागे फ्रेंच का काय ते होतं.

झालं! एकदा मोटरला उचकी लागली, बंद झाली की लगेच सुरू. एकदा बंद झाली ती सुरू व्हायचं नावच घेईना. मग बंदच होईना, शिटी वाजली आणि पार्बताबाई अंगणात. देवाजीभाऊंनी कपाळाला हात लावला. "एकाले हात लावला का दोघंही सरकतात! नवरा-बायको आहेत का जी हे?"

"नवरा-बायको असते तर एक तरी जाग्यावर राह्यलं असतं," अंगणातून उत्तर आलं.

मी वैतागलो. "भाऊ, मिस्त्री बोलवा! तुमचं माझं काम नाही हे."

"मिस्त्री निंगून जाईल, मास्तर. इथी हिले राह्यचं आहे."

मी पुन्हा कागद हातात घेतला. उन्हं कलली तेव्हा मोटर कशी कोण जाणे, आपोआप थांबली. स्विचची खट्ट! मग नळीतल्या उरल्या हवेची फुस्स! "एक्झिट पाहा, एक्झिट!" भाऊ पोरासारखे ओरडले. मग हळूच मला विचारलं, "कोणत्या स्क्रूनं जमलं? मले समजून नाई राह्यलं."

"मलाही नाही."

"मंग आता हात नका लावू." आणि त्यांनी दोन्ही स्क्रूंवर ऑइलपेंटचा एकेक थेंब सोडला.

उन्हाळ्यात ते गेले. घरात पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बसल्या होत्या, त्रिशरण म्हणून झालं होतं. पार्बताबाई कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत होत्या. त्या रडत का नाहीत, कोणालाच कळत नव्हतं. मेन स्विच बंद करायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नळी कुठंतरी गळून टाकीतली हवा उतरली असणार. बंद दुकानात एकाएकी मोटर सुरू झाली.

सगळे दचकले. मी मोटर बंद करायला उठलो.

"बसा, मास्तर," पार्बताबाई म्हणाल्या.

मोटर चालतच राहिली. पार्बताबाईंनी डोळे मिटले होते. खट्ट. फुस्स.

"गेले," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.