नापास व्हायची परीक्षा

"उत्तम!"

दार उघडलं की डॉक्टर आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, मग माझ्याकडे. "दोन मिनिटं लवकर आलात. उत्तम." तब्येत विचारली तरी उत्तम, रात्री झोप लागली का विचारलं तरी उत्तम. आपलं कुठे दुखतंय ते सांगायची लाज वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या गृहस्थांनी इथे विलायतेतल्या हॉस्पिटलांतून पस्तीस वर्षं दुसऱ्यांना तेच विचारण्याची नोकरी केली होती!

मी तेव्हा दुभाषी म्हणून काम करायचे. आमच्या यादीत मराठीची माणसं दोनच, त्यातली दुसरी सदा इंडियाला गेलेली. त्यामुळे माझ्या स्टॅनमोरच्या घरून कुठेही मलाच धाडायचे. कामाचा नियम एकच होता. खोलीत जो जे बोलेल ते जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि गाळायचं तर मुळीच नाही.

पिनरच्या त्या घरात माझी गरज अर्थातच डॉक्टरांना नव्हती. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. गरज होती त्यांच्या पत्नीला. बाई लग्नाआधी साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवायच्या, इथे आल्यावरही त्यांनी वीस वर्षं तेच केलं. मग स्मृतिभ्रंश सुरू झाला आणि आधी इंग्रजी गेलं. सगळंच्या सगळं. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांच्याजवळ थोडं मराठी उरलं होतं.

अशा माणसाचा आजार पुरेसा गंभीर ठरला, तर घरी येऊन देखभाल करणाऱ्या बायकांची सोय सरकार करतं. ठरला नाही, तर ज्याचं त्यानं बघायचं. ते ठरवायला एक नर्स घरी येते, प्रश्न विचारते, लांबलचक फॉर्म भरते. डॉक्टरांना ही मदत हवीच होती, कारण त्यांच्या स्वतःच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ते हॉस्पिटलात गेले तर बाईंजवळ कोण? मुलगी लांब मिल्टन कीन्सला, तिची नोकरी आणि दोन लहान मुलं. पदरच्या पैशानं दिवसरात्र माणसं ठेवायची तर वर्षभरात पुंजी संपली असती. मदत मंजूर झाल्याशिवाय आपण ऑपरेशन टेबलावर झोपणार नाही, असं त्यांनी सर्जनला सांगून टाकलं होतं. मिळालेली तारीख एकदा परतही केली होती.

म्हणजे बाई किती आजारी आहेत हे नर्सला दिसू देणं, एवढंच काय ते करायचं होतं. पण घर आपल्यासारख्या माणसांचं. परीक्षा आहे म्हटल्यावर अभ्यास न करता कोण बसणार?

पहिल्या तपासणीला मी गेले, तर बाई खुर्चीत नारायणपेठी नेसून, केसांचा नेटका अंबाडा घालून बसलेल्या. टेबलावर पोहे, त्यावर ओलं खोबरं. हे सगळं डॉक्टरांनी केलं होतं, पहाटे चारला उठून. फ्रिजवर त्यांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: आजचा वार, महिना, ऋतू, पंतप्रधानांचं नाव. तीन आठवडे ते बाईंकडून घोकून घेत होते.

नर्सनं विचारलं, आज वार कोणता? मी मराठीत विचारलं. बाईंनी सांगितला. महिना सांगितला. शंभरातून सात सात वजा करत जा म्हटल्यावर त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत बाई थेट दोनपर्यंत न थांबता उतरल्या. नर्स पेन हातात धरून बघत राहिली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीच्या बापाचा भाव होता.

मग घोकंपट्टीत नसलेला प्रश्न आला. "तुम्ही स्वतःची अंघोळ स्वतः करता का?"

बाई गोंधळल्या. नवऱ्याकडे बघायला लागल्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "हो म्हण."

"हो म्हण," बाई म्हणाल्या.

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. नियमानं मी दोन्ही वाक्यं सांगायला हवी होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. वडिलांच्या वयाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि कपाळावर घाम. मी म्हटलं, "येस."

पंधरा दिवसांनी मदत नाकारल्याचं पत्र आलं. त्यात माझा वाटा किती, हा हिशेब मी आजही टाळते.

पुढच्या महिन्यात डॉक्टर जिन्यात कोसळले. बाईंनी वरून रजई आणून त्यांच्या अंगावर घातली आणि पायरीवर बसून राहिल्या. फोन करायचा असतो हे त्यांना आठवलं नाही. दीड तासानं मुलगी ठरल्याप्रमाणे भेटायला आली म्हणून निभावलं. दुसऱ्या तपासणीची मागणी तिनंच केली. मी तपासणीला जाण्याआधी मला तिचा फोन आला. इथेच वाढलेली, तिचं मराठी आपलं असंतसंच. "मावशी, बाबा कोणाला खरा गोष्ट सांगत नाही. सर्जन म्हणतात, धिस इज द लास्ट डेट. प्लीज, तुम्ही सांगा ना बाबांना."

म्हणून त्या दिवशी मी नर्सच्या अर्धा तास आधी गेले. पोह्यांचा वास दारातच आला आणि माझं डोकं फिरलं. एवढ्या मोठ्या माणसाशी मी तशी कधी बोलले नसते.

"डॉक्टर, आज मी सगळं सांगणार. तुम्ही कानात काही सांगितलंत, तर तेही सांगणार."

ते कढईखालचा गॅस बंद करून वळले. "म्हणजे तुम्ही तिला नापास करणार."

"हो."

"आयुष्यात एकदाही नापास झालेली नाही ती."

"तुम्ही गेलात तर तिला कोण बघणार आहे?"

त्यांनी कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "तिच्यासमोर कसं सांगू हो? चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. तिच्या तोंडावर कसं सांगू, की तुला साधं हे जमत नाही, ते जमत नाही?" मला माझीच चीड आली, पण मी मागे हटले नाही. तेवढ्यात बेल वाजली.

नर्स बसली. फॉर्म उघडला. पहिला प्रश्न विचारला: दैनंदिन गोष्टींत बाईंना कितपत मदत लागते? मी तो मराठीत सांगणार, एवढ्यात डॉक्टर खुर्चीतून उठले. बाईंच्या शेजारी उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, आणि वॉर्डच्या राउंडवर रुग्णाची माहिती देतात तसं इंग्रजीत बोलायला लागले.

"सेव्हन्टी-फोर-इयर-ओल्ड लेडी. रिटायर्ड टीचर."

आणि मग सगळं. घास भरवावा लागतो. अंघोळ घालताना हात उगारते, चावते. कपड्यांचं, संडासाचं भान नाही. रात्री तीन-चारदा घराबाहेर जायला निघते. पोटच्या मुलीला ओळखत नाही. मागच्या वेळची उत्तरं आपणच पाठ करून घेतली होती, त्यांना काही अर्थ नाही. कुठेही आवाज अडकला नाही, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. माझ्याकडे भाषांतराला काही नव्हतं. मी खाली मान घालून बसले होते. ज्या भाषेतलं बायकोला आता काही कळत नव्हतं, त्या भाषेत त्या माणसानं तिला नापास करून घेतलं.

बाई मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचा चेहरा फुलला. त्या माझ्याकडे झुकल्या आणि पदर सावरत हळूच म्हणाल्या, "काय छान बोलतो हा मुलगा! आईला सांगा, मला पसंत आहे."

डॉक्टर थांबले.

"व्हॉट डिड शी से?" नर्सनं विचारलं.

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. डॉक्टर खुर्ची चाचपत खाली बसले, चष्मा काढला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बाई लाजून पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. नर्सनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं, आणि उठून किचनमधून पाण्याचा ग्लास आणला.

मदत मंजूर झाली. दिवसा एक बाई, रात्री दुसरी. आठवडाभर डॉक्टरांनी दोघींच्या मागे फिरून शिकवलं: भात मऊ लागतो, पाणी आधी पायावर घाला, आवाज चढवू नका. मग छोटी बॅग घेऊन ते ऑपरेशनला गेले. ऑपरेशन नीट झालं असं सर्जन म्हणाले, पण चौथ्या दिवशी डॉक्टर वारले. मला तीन दिवसांनी कळलं, तेही ऑफिसातून.

ही मदत एकदा मिळाली की संपलं असं नसतं. गरज अजून आहे का ते अधूनमधून तपासतात. वर्षभरानं मला पुन्हा पिनरला पाठवलं. दार दिवसाच्या बाईनं उघडलं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या, स्वच्छ, केस विंचरलेले. नर्स नवीन होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, घरात तुमच्याबरोबर कोण असतं?

मी विचारलं.

"हे असतात की," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलात गेलेत. येतीलच आता."

नर्स माझ्याकडे बघत होती. मी जसंच्या तसं सांगितलं.