वडिलांची पंगत

वडील गेल्यावर आईनं माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट बघायला मागितली. मी ती कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडी काढली, तर चित्र धक्के खात चाललेलं. पोखर्णीच्या मांडवात वडील पंगतीला बुंदी वाढत होते आणि प्रत्येक पावलाला पुढं सरकून पुन्हा किंचित मागं येत होते. आई टक लावून बघत होती. माझं मात्र डोकं फिरलं. असलं अर्धवट काम मला खपत नाही.

लग्नातल्या त्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांनी बनतं आणि डीव्हीडी काढताना त्यांचा क्रम मी उलटा निवडला होता. तो सुलटा करून मी नवी डीव्हीडी काढली.

आता वडील पाण्यावरून जावं तसे तरंगत चालले. पिवळसर उजेडात पानांवर बुंदी अलगद उतरत होती. बादली घेऊन ते पंगतीच्या टोकाला पोचले आणि चित्राबाहेर गेले.

आई म्हणाली, "आधीचीच लाव. वाढून पुढं गेले तरी माघारी येऊन 'घ्या की अजून' म्हणायचे ते. ह्याच्यात सरळ निघून जायलेत."